शहा डोंगर ते भातोडी : माळावरचा एक हिवाळी दिवस

डिसेंबरातला कोरडा, निरभ्र दिवस निवडा आणि उजाडायच्या आत शहा डोंगराच्या पायथ्याशी या. नगर शहराच्या पूर्वेला, पाथर्डीच्या रस्त्याने, दहा-बारा किलोमीटरवर हा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरच्या इमारतीला सगळा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो. डांबरी रस्ता थेट वर जातो, पण गाडी आज खालीच राहू द्या. तुम्हाला डोंगर चढून, पलीकडच्या अंगाने उतरून, माळामाळाने भातोडीच्या तलावापर्यंत जायचंय. वाट पूर्वेकडे जाईल आणि वर्षं मागे जातील. सोबत पाणी, दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी घ्या. बूट जाड तळाचे हवेत. कुसळी पिकली आहे. तिची टोकं मोज्यांत शिरली की पावलापावलाला थांबावं लागतं.

थंडी कोरडी आहे. नाकपुड्या हुळहुळतात, ओठ फुटतात, पण अंगात आळस राहत नाही. सह्याद्रीच्या पाठीमागचा हा मुलूख. पावसाचे ढग अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर रिते होतात आणि इकडे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस मिळाला तरी साल बरं गेलं म्हणतात. पायाखाली वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. एवढ्याशा मातीत मोठं झाड तग धरत नाही, गवत धरतं. पवन्या, मारवेल, कुसळी, मध्येच तरवडाचं झुडूप, बोरीची जाळी, एकटा हिवर. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा म्हणून होते, आणि रस्त्याने जाणारा माणूस तिच्याकडे बघून म्हणतो, इथे काही नाही.

इथे काय काय होतं ते आज तुम्ही पायांनी पाहणार आहात. या माळावर जो आला तो गवतासाठी आला, आणि जो टिकला किंवा बुडाला तो पाण्यामुळे. चालताना ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

चढ सुरू झाला की पहिल्याच ओघळीपाशी थांबा. आवाज ऐका. दगडावर घण पडतोय, एक नाही, शेकडो. साल १९७२, डिसेंबर. ओघळीच्या तोंडाशी पाझर तलावाचा बांध घातला जातोय. बायकांची रांग टोपल्यांतून मुरूम वाहते आहे, उन्हाने आणि उपासाने सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे झालेत. ज्यांच्या घरी चाळीस एकर जमीन आहे तेही या रांगेत आहेत, कारण जमिनीत काही उगवलेलंच नाही. एक म्हातारी डोक्यावरची चुंबळ सारखी करत तुम्हाला विचारते, "कुण्या गावचा रं तू बाळा? हजरीवर नाव घातलं का?" तुमच्या हातातल्या पिशवीकडे ती बघत नाही. तिच्या फडक्यात अमेरिकेहून आलेल्या मिलोची लालसर भाकर आहे. पोरांना सुकडी मिळेल. ज्वारीच्या या मुलखात लोकांनी ती परदेशी ज्वारी जनावराचं खाणं म्हणत खाल्ली आणि जगले. पुढे राज्यभर रोजगार हमीचा कायदा झाला, तो असल्याच बांधांवरच्या हजेरीपटांतून वर गेला. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही माळावर फिरताना असा एखादा जुना पाझर तलाव आडवा येतोच. त्याच्या भरावावर पाय देताना तो कोणी वाहिला याची जाणीव असू द्या.

वर चला. तांबडं फुटतंय.

माथा समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर आहे. इमारत अष्टकोनी, तीन मजली, घडीव दगडाची. चांदबिबीचा तिच्याशी काही संबंध नाही. ही कबर आहे सलाबतखानाची. मुर्तझा निजामशहाचा हा वजीर, मृत्यू १५८९. त्याची भेट दिवसाच्या शेवटी होईल. आत्ता जिन्याने वर जा आणि कमानीत उभे राहा. लोक सांगतात की इथून दौलताबाद दिसावं एवढी उंच इमारत बांधायची होती. दौलताबाद राहू द्या, सकाळच्या स्वच्छ हवेत इथून जे दिसतं तेच पुष्कळ आहे. पश्चिमेला नगर शहर धुक्याच्या पट्ट्यात. त्या पट्ट्यात कुठेतरी भुईकोट किल्ला.

आता साल १९४२, महिना हाच. त्या किल्ल्यात बारा माणसं कैदेत आहेत. नऊ ऑगस्टला मुंबईत पहाटे पकडून त्यांना त्याच दिवशी इथे आणलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि बाकीचे. तुम्ही वर पोचलात त्याच्याही आधीपासून मौलाना जागे आहेत. पहाटेच्या अंधारात उठायचं, स्वतः पाणी उकळायचं, बिनदुधाचा चिनी चहा करायचा आणि कधीच टपालात न पडणारी पत्रं लिहायची, हा त्यांचा क्रम. ती पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. नेहरू अंगणातली जमीन खणून फुलझाडं लावतात. दोन वर्षांनी याच तटाच्या आत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहितील. येत्या एप्रिलात मौलानांची पत्नी कलकत्त्यात वारेल आणि बातमी त्यांना याच भिंतींच्या आत कळेल. त्या बारा जणांना आभाळ दिसतं, चंद्र दिसतो. हा माळ मात्र दिसत नाही. तट आड आहे. देशाचा शोध लिहिणाऱ्याला देशाचा हा तुकडा दहा-बारा किलोमीटरवरून बघायला मिळाला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कमानीतून नजर काढू नका, वर्षं आणखी मागे जाऊ द्या. शहराच्या पलीकडे जमिनीवर एक लांब मातीची रेघ ओढली जातेय. १८७७ ची सुरुवात. आदल्या वर्षीचा पाऊस गेला आणि मुंबई इलाख्याच्या कोरड्या जिल्ह्यांत दुष्काळ उतरला. धोंड-मनमाड लोहमार्गाचा भराव दुष्काळी कामावरची माणसं घालताहेत. इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या हिशेबाने मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे होता. माती उपसणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगता येत नाही हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला पुन्हा पुन्हा लिहून सांगितलं. मजुरांनी कामं सोडली. पुढच्याच वर्षी गाड्या धावू लागल्या. आज दौंडहून नगरला रेल्वेने येणारा माणूस त्या भरावावरून येतो.

इमारतीच्या भिंतींवरून एकदा हात फिरवा. इंग्रजांनी हिचं आजारी गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम केलं होतं. यॉर्कशरच्या किंवा स्कॉटलंडच्या उघड्या माळांवरून आलेली पोरं तापाने खंगून इथल्या ओट्यावर पडून असतील, तेव्हा समोरचं हे पिवळं गवत त्यांना परकं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

आता पूर्वेच्या अंगाने उतरा. धावू नका, वाळल्या गवतावरून पाय सटकतो. ऊन कोवळं आहे. डाव्या हाताला गवताच्या शेंड्यांवरून एक लांब पंखांचा पक्षी बिनआवाजी सरकत चाललाय, पंख किंचित वर उचललेले. तो भोवत्या. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात वाढतो आणि हिवाळा काढायला एवढं अंतर तोडून आपल्या माळावर येतो. दिवसभर टोळ आणि उंदीर टिपतो, रात्री गवतातच जमिनीवर बसून झोपतो. त्याला झाड नको, गवत हवं.

उतार संपला, माळ सपाट झाला. इथे बसा. पाणी प्या. आणि १८२० च्या आसपासच्या हिवाळ्यात या.

गवत गुडघ्याच्या वर आहे. बोरी पिकल्यात, तांबूस बोरांचा सडा पडलाय. दूरवर काहीतरी उभं दिसतं; आधी तुम्हाला ते करडू वाटतं. मग ते मान उंच करतं. मीटरभर उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पाठ मातकट. माळढोक. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, मग गवतातून एकेक मान वर येत जाते. ते सावकाश चालतात, बोरं उचलतात, टोळ टिपतात. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड पक्षी जगात थोडे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे या पक्ष्याची सगळी भिस्त दूरवर दिसणाऱ्या मोकळ्या माळावर आहे. धोका लांबून दिसला की झालं.

बंदुकीचा बार होतो. मॅन्सफील्ड नावाचा इंग्रज शिकारी या मुलखात आहे. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत त्याने नगरच्या परिसरात ९६१ माळढोक मारले. हा आकडा पक्षिअभ्यासकांच्या लिखाणात नेहमी येतो. वर्षाला सरासरी अठ्ठेचाळीस. आज सगळ्या देशात मोकळ्या रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास धरले जातात, बहुतेक राजस्थानात. म्हणजे एका माणसाची तीन वर्षांची शिकार.

पण सगळा दोष बंदुकीच्या माथी मारू नका. मॅन्सफील्ड गेल्यानंतरही दीडशे वर्षं माळढोक इथे होता. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्याचा विस्तार आठ हजार चौरस किलोमीटरहून जास्त होता. कर्जत, श्रीगोंद्याचे माळ त्यात होते. गावं, शेतं, रस्ते सगळंच त्या रेषेच्या आत सापडलं. लोक वैतागले, खरेदी-विक्री अडली, आणि ज्या पक्ष्याचं नाव आदराने घ्यायचं त्याच्या नावाने बोटं मोडली जाऊ लागली. २०१२ च्या सुमारास ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. एवढ्या काळात माळाचा बराचसा भाग नांगरला गेला, उसाखाली गेला, खाणींना गेला, आणि काही ठिकाणी तर हिरवाई वाढवायची म्हणून वनीकरणात गेला. मोकळ्या गवतावर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की कागदावर झाडं वाढतात आणि माळढोक, धाविक, भोवत्या यांचं घर मोडतं. आता महाराष्ट्रात माळढोक दिसला तर बातमी होते. मला वाटतं, शिकाऱ्याने पक्षी मारले. माळाला रिकामी जमीन समजणाऱ्या आपल्या डोळ्यांनी त्यांची जागा मारली.

उठा. ऊन चढलंय.

पुढच्या टेपाडामागे घंटांचा आवाज येतोय. मेंढरांचा वाडा उतरलाय. दोनेकशे मेंढरं, चार कुत्री, एक घोडी, तिच्या पाठीवर बाजलं, भांडी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. एक मेंढका खांद्यावर घोंगडी टाकून काठीवर रेलून उभा आहे. हे कोणतं साल, ते ओळखायला तुम्हाला क्षणभर अवघड जाईल. मग त्याच्या बंडीच्या खिशात मोबाइल वाजतो.

"राम राम, पाव्हणं. इकडं कुटं?"

भातोडीला म्हणता तेव्हा तो दिशा दाखवतो आणि बसायला सांगतो. त्याच्याशी बोला, घाई करू नका. आज कोणाच्या शेतात मेंढरं बसवायची ते तो सकाळीच फोनवर ठरवतो. ज्वारी निघालेल्या रानात एक रात्र कळप बसला की लेंड्या-मुताचं खत पडतं, त्याचे शेतकरी पैसे देतो, पूर्वी धान्य द्यायचा. तो सांगेल की लांडगा अजून आहे, मागल्या महिन्यात कोकरू नेलं. आणि सांगताना त्याच्या बोलण्यात राग असेल पण वैर नसेल. कुठला माळ कोणत्या महिन्यात चरायचा, कुठे पवन्या दाट येतो, कोणत्या ओढ्यात माघापर्यंत पाणी टिकतं, हे त्याला बापाकडून आलंय. दरसाल त्याची वाट आखडते. गायरानाला कुंपण पडलं, तिथे सोलर आलं, पलीकडे प्लॉट पडले. आजच्या वाटेवरच्या कुठल्याही शतकात तुम्ही थांबलात तरी हा माणूस तिथे असता. राजे, वजीर, साहेब आले-गेले. माळाचा वहिवाटदार हाच. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य झालं, त्याचं क्षेत्र आहे २.१७ चौरस किलोमीटर. काळवीट तिथे मावत नाहीत, ते भोवतालच्या माळांवर आणि शेतांत फिरतात. मेंढरांचा माळ गेला की काळविटांचाही जातो.

भाकरी इथेच खा. तो कांदा देईल. घ्या.

दुपारनंतर जमीन उतरत जाते, मेहेकरी नदीचं खोरं दिसू लागतं. नदी म्हणायची, पण या दिवसांत धार बारीक. इथून पाऊल जपून टाका, कारण पायाखाली चिखल सुरू होतो आणि साल होतं १६२४, पावसाळा सरतानाचे दिवस.

तुम्ही फौजेच्या तळावर आहात. मुघल आणि आदिलशाही एकत्र आलेत. तंबू ओले, घोड्यांच्या बरगड्या दिसताहेत. दाणा संपलाय, वैरण आणायला गेलेली टोळी परत आलेली नाही. परवाचीही आली नव्हती. नगरचा किल्ला १६०० साली, चांदबिबीचा खून झाल्यावर, मुघलांनी घेतला होता आणि आत्ताही तो त्यांच्याच हातात आहे. तो इथून फार लांब नाही, पण तिथवर पोचण्याची वाट राहिलेली नाही. सगळीकडे गाळ. वरून पाऊस पडलाच आहे, पण एवढं पाणी पावसाचं नाही. भातोडीच्या तलावाचा बांध फोडलाय.

फोडणारा माणूस पलीकडे आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. वय पंचाहत्तरच्या पुढे. हबसाणात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादवरून दख्खनेत आलेला, नगरच्या दरबारात चंगीजखान पेशव्याचा गुलाम म्हणून तारुण्य काढलेला. हा मुलूख त्याने घोड्यावरून आणि पायी पाहिलाय. हाच माणूस खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात खेळवतो. पाणी कुठून कुठे जातं हे त्याच्याइतकं त्या काळी दख्खनेत कमी लोकांना कळत असेल. मोठ्या फौजेशी उघड्या मैदानात भिडायचं नाही, हे त्याचं जुनं सूत्र. त्याने आधी मागे सरत शत्रूला आत ओढलं, वाटेतली रसद मारली, आणि मग तलाव सोडला. तोफा गाळात, घोडे गाळात, बैल गाळात. रात्री-बेरात्री छापे पडतात. तळावरची माणसं भुकेने एकेक करून त्याच्याकडे निघून जाताहेत. तो त्यांना खायला घालतो.

आणि एके दिवशी हल्ला येतो. तुम्ही उभे आहात तिथून घोड्यांच्या टापांखाली चिखल उडताना दिसतो. आदिलशाहीचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी पडतो. मुघलांचा लष्करखान पकडला जातो, दोन्हीकडचे कितीतरी सरदार कैद होतात. निजामशाहीच्या बाजूने भोसले बंधू लढताहेत. थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. नगरच्या शाह शरीफ या पीराला मालोजींच्या घरून नवस बोलला गेला आणि मुलांना त्याचीच नावं ठेवली, असं परंपरा सांगते. ज्या पीराच्या नावावरून नाव मिळालं त्याचा दर्गा इथून काही कोसांवर, आणि त्याच टापूत शरीफजी आज पडला. शहाजी जिंकून परतेल, पण भावाशिवाय. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून अवकाश आहे. या लढाईची गोष्ट त्यांनी घरातच ऐकली असणार, असं मी धरून चालतो. थोड्या माणसांनी, जमीन आणि पाणी हाताशी धरून, मोठी फौज कशी अडवायची याचा भातोडीएवढा नेमका धडा दुसरा नव्हता.

आज भातोडी पारगावात शरीफजीराजांची समाधी आहे. तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहा, गावातलं नृसिंहाचं देऊळ बघा, आणि मग तलावाच्या बांधावर चढा. एक टप्पा राहिलाय.

पाणी मागे सरतं, गाळ सुकतो, फुटलेला बांध भरून येतो. १५८० च्या आसपासचा हिवाळा. दगड रचले जाताहेत, बैलगाड्यांची रांग आहे, भिस्ती पखालींतून पाणी शिंपडत माती दाबून घेताहेत. सकाळी तुम्ही ज्याच्या कबरीवर उभे होतात तो माणूस जिवंत आहे, आणि हा तलाव त्याचा आहे. सलाबतखान.

त्याचा धनी मुर्तझा निजामशहा लोकांत दिवाणा म्हणून ओळखला जातो. महिनोन्‌महिने तो कोणाला भेटत नाही. राज्य वजीरच चालवतो. शहराच्या दक्षिणेला फराहबाग त्याच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये पुरी होईल. डोंगरांच्या पायथ्यापासून, कापूरवाडी, शहापूर अशा गावांकडून, खापरी नळांतून पाणी शहरात येतं. माती भाजून केलेल्या नळ्या एकमेकींत बसवून जमिनीखालून नेलेल्या. नगर शहर नदीच्या जोरावर वसलेलं नाही, सीना उन्हाळ्यात आटते. ते या नळांवर आणि असल्या तलावांवर जगलं. घोडदळाला माळाचं गवत आणि माणसांना डोंगराचं पाणी, यावर निजामशाहीची राजधानी शंभर वर्षं उभी राहिली.

त्या दरबारात वावरलेला इतिहासकार फिरिश्ता सलाबतखानाची एक हकिकत सांगतो. शहाची मर्जी फिरली आणि वजिराला कैद करायची इच्छा त्याने बोलून दाखवली. फौज सलाबतखानाच्या हातात होती, बंड करणं सोपं होतं. त्याने स्वतःच्या पायांत बेड्या घातल्या, पालखीत बसला आणि पहारेकऱ्यांना सांगितलं, मला दंडाराजपुरीला घेऊन चला. तो गेल्यावर कारभार ढासळला. १५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्याच मुलाने मारलं. पुढच्या वर्षी सलाबतखानही गेला, आणि बारा वर्षांच्या आत किल्ल्यावर मुघलांचं निशाण चढलं. एका माणसाने बांधलेला तलाव दुसऱ्याने राज्य वाचवायला फोडला. तिसऱ्यांनी, म्हणजे इंग्रजांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा दुरुस्त करून शेतीला पाणी दिलं. जमीन तीच, उतार तोच, म्हणून पाणी अडवायची जागाही तीच राहिली.

आता मागे वळून बघा. सूर्य शहा डोंगरामागे जातोय. भरल्या वर्षी या पाण्यावर चक्रवाकांच्या जोड्या असतात, आजही असतील. काठच्या रानात शाळूची कणसं भरत आलीत, महिन्याभरात हुरड्याच्या आगट्या पेटतील. हवेत गारठा परत येतोय. गावातून नगरला जाणारं वाहन अंधार पडायच्या आत धरा.

जाण्यापूर्वी दोन कामं सांगतो. पहिलं, माळावर गाडी घालू नका, मोटरसायकलसुद्धा नाही. टायरची एक रेघ वीतभर मातीला वर्षानुवर्षं भरून काढता येत नाही, आणि धाविक व माळटिटवी यांची अंडी तिथेच उघड्यावर असतात. दुसरं काम मोठं आहे. तुमच्या गावाला गायरान असेल. ग्रामसभेत त्याचा विषय निघतो तेव्हा बहुधा ते कोणाला द्यायचं एवढंच ठरवायचं असतं. तेव्हा उठून सांगा की हे रान रिकामं नाही. नगरपासून जवळच हिवरेबाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लावून डोंगरउतारावर गवत राखलं, त्याबरोबर पाणी राखलं गेलं आणि मग दूध वाढलं. हे तुमच्या जिल्ह्यात घडलेलं आहे, कोणी जाऊन विचारू शकतं. झाडं लावायची तर गावठाणात, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला लावा. माळावर गवत राहू द्या. मेंढक्याशी बसून चराईची पाळी ठरवा, त्याला हाकलू नका. आणि येत्या हिवाळ्यात घरातल्या पोरांना घेऊन एक दिवस आपल्याच तालुक्यातल्या माळावर पायी जा. पुढच्या ग्रामसभेत त्यांच्यातलंच कोणीतरी बोलायला उभं राहील.